रकाना कोण आखतो?

गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे चर्चासत्र झाले. विषय होता ‘माहिती तंत्रज्ञान आणि सामाजिक शास्त्रे’. दिवसभरात तीसेक निबंध वाचले गेले. प्रस्तुत लेखक महाविद्यालयात शिकवतो आणि स्वतःचे चार विद्यार्थी घेऊन तेथे गेला होता. तेव्हा पुढे जी टीका येईल तिच्यात तोही आरोपी आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

बहुतेक निबंध दोन प्रकारचे होते. पहिला प्रकार आरतीचा. संगणक आला, मोबाईल आला, माहिती सर्वांना खुली झाली. म्हणजे आता समता आलीच, असा या निबंधांचा सूर. दुसरा प्रकार टक्केवारीचा. शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, यंत्रात घालायची आणि पडद्यावर रंगीत वर्तुळे दाखवायची. वर्तुळे सुबक होती. पण ती ज्या रकान्यांवरून निघाली ते रकाने कोणी आखले, हा प्रश्न कोणालाही पडला नाही.

तो पडला एका मुलीला. ती कोलाम पोडावरची. एका सर्वेक्षणात तिने मोबाईलवर घरोघरची माहिती भरली होती. तिचे म्हणणे साधे होते. म्हातारी माणसे स्वतःला ‘कोलावर’ म्हणतात, कागदावर कोठे ‘कोलाम’ असते, कोठे ‘कोळाम’; रकान्यात यादीबाहेरचे नाव बसत नाही, आणि रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. मग तिने काही घरांपुढे ‘इतर’ लिहिले. “माझेच लोक मीच ‘इतर’ केले,” असे ती म्हणाली. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. अभिप्रायात तिच्या निबंधाला ‘अनुभवकथन’ म्हटले गेले आणि टक्केवारीवाल्यांना ‘संशोधन’. तिच्या बाजूने उठून बोलायला हवे होते. मी उठलो नाही, हा माझा गुन्हा.

वास्तविक त्या दिवशीचा एकमेव शास्त्रीय प्रश्न त्या मुलीने विचारला होता, हे इतिहासावरून दाखवता येते.

माणसे मोजण्याचे काम यंत्राकडे गेले ते अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत. हर्मन हॉलरिथ यांनी भोके पाडलेल्या कार्डांचे गणनयंत्र तयार केले होते, आणि त्याच कामावर त्यांना 1890 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. म्हणजे माहिती तंत्रज्ञानाची एक नाळ थेट जनगणनेला जोडलेली आहे. या यंत्राचा नियम एकच. आधी माणसाचे रकाने पाडा, मग मोजा.

त्याच कोलंबिया विद्यापीठात 9 मे 1916 रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने जातींवर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब. तेही विद्यार्थ्यांचे चर्चासत्रच होते, हे आपण विसरतो. बाबासाहेबांनी तेथे ‘अनुभवकथन’ केले नाही आणि टक्केवारीही मांडली नाही. त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. यांतील रिस्ले म्हणजे भारताच्या 1901 च्या जनगणनेचे आयुक्त. नाकांची मापे घेऊन वंश ठरवणारे आणि जातींना सामाजिक उच्चनीचतेच्या क्रमाने यादीत बसवणारे अधिकारी! ज्याच्या हाती साऱ्या देशाचे रकाने होते त्याची व्याख्या एका अस्पृश्य विद्यार्थ्याने अपुरी ठरवली. जात एकेकटी सुटी नसते, ती व्यवस्थेचा भाग असते, आणि जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनावर ती टिकते, हा सिद्धांत त्याने मांडला. रकान्यात काय भरावे यावर तो थांबला नाही. रकाना ज्या व्याख्येवर उभा होता, तिलाच त्याने हात घातला.

आता अलीकडे या. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत प्रगणकांबरोबर हातात धरायची यंत्रे होती. तंत्रज्ञानात कमतरता नव्हती. पण जातींची निश्चित यादी आधी तयार केलेली नव्हती. लोकांनी जात सांगितली, आडनाव सांगितले, कूळ सांगितले, पोटजात सांगितली. एकच नाव दहा तऱ्हांनी लिहिले गेले. 1931 च्या जनगणनेत 4,147 जाती नोंदल्या होत्या. या गणनेत जातींची 46 लाखांहून अधिक नावे निघाली! महाराष्ट्र शासनाने इतर मागासवर्गीयांची ही आकडेवारी मागितली तेव्हा, 2021 मध्ये, केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात ती सदोष आणि निरुपयोगी असल्याचे सांगितले. त्या मुलीने एका पोडावर जे पाहिले तेच देशाच्या पातळीवर घडले होते. हा यंत्राचा दोष नव्हता. समाज न समजून घेता यंत्र चालवणाऱ्यांचा तो दोष होता.

आमच्या घरचेच पाहा. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ आहे, माझ्या दाखल्यावर ‘बौद्ध’, धाकट्या भावाच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’. एका चुलीवर जेवणारी माणसे यंत्राच्या हिशेबी तीन समाजांची. 1956 च्या धर्मांतराने आपण जात नाकारली. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, पण त्यासाठी नाकारलेल्या जातीचे नाव सांगावेच लागते. नाव लिहावे तर धर्मांतराचा अर्थ काय उरतो? न लिहावे तर संख्येतून आपण नाहीसे होतो. हा पेच कोणतेही यंत्र सोडवणार नाही. हे सामाजिक शास्त्राचे काम आहे आणि ज्यांच्यावर तो पेच आला आहे त्यांचेच आहे.

ते काम आपली मुले का करीत नाहीत? गोपाळ गुरू यांनी 2002 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये दाखवले की आपल्याकडच्या सामाजिक शास्त्रांतही वर्णव्यवस्था आहे. सिद्धांत मांडणारे वर, आणि त्यांना माहिती पुरवणारे खाली. संगणकाने ही उतरंड मोडलेली नाही. उलट माहिती गोळा करणे सोपे केले आणि आपल्या मुलांना त्याच कामावर ठेवले. यात आम्हा शिक्षकांचाही हात आहे. 2016 च्या नियमांनी पीएच.डी.साठी दोन चर्चासत्रांत निबंध वाचणे सक्तीचे केले. ती अट 2022 मध्ये गेली, पण प्रमाणपत्रासाठी चर्चासत्रे भरवण्याची आणि मुलांना तेथे हाकत नेण्याची आमची खोड गेली नाही.

केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी येत्या जनगणनेत जातींची गणना करण्याचा निर्णय जाहीर केला. 2027 ची ही गणना यंत्रावर व्हायची आहे. तिच्या याद्या आणि रकाने यांवर बोलणारी चर्चासत्रे आपल्या तालुक्या-तालुक्यांत व्हायला हवीत. तेथे आरत्या नकोत. प्रत्येक विद्यार्थ्याने एक छापील वा मोबाईलवरचा अर्ज आणावा आणि त्यातला कोणता रकाना आपल्या वस्तीला बसत नाही व का बसत नाही, हे सिद्ध करावे. त्याआधी 1916 चा तो निबंध सर्वांनी मिळून वाचावा. आणि कोलाम पोडावरची ती मुलगी बोलायला उभी राहील तेव्हा अध्यक्षांनी घंटा बाजूला ठेवावी. न ठेवल्यास, या वेळी मी उठेन.