भाचीसाठी बायबल निवडताना

माझ्या भाचीचं मे महिन्यात दृढीकरण झालं. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते: तान्हेपणी आईबापांनी बाप्तिस्मा दिलेला असतो, तो जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा हा विधी. मुलगी चौदा वर्षांची, न्यू जर्सीत जन्मलेली. मराठी सगळं समजतं, वाचता येत नाही. बहिणीचा फोन आला, "ताई, बायबल तू दे. स्टडी बायबल हवंय. मुलींचं वेगळं मिळतं म्हणे." मी हो म्हटलं, शनिवारी दुकानात गेले आणि तिथे दीड तास उभी राहिले.

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या पुस्तकाच्या दुकानात ते कपाट तुम्ही पाहिलं असेल. पुरुषांची बायबलं काळी, तपकिरी, ब्रीफकेससारखी. बायकांची फिकट गुलाबी किंवा पुदिन्याच्या रंगाची, वर फुलं. मुलींची आणखी चमचमती. आतली वचनं मात्र सगळ्यांत तीच. मग वेगळं काय विकतात? तर टिपा. स्टडी बायबल म्हणजे वर मूळ मजकूर, खाली बारीक टाइपात टिपा, मधूनमधून चौकटी, प्रत्येक पुस्तकाआधी प्रस्तावना. तुम्ही पैसे मोजता ते या खालच्या मजकुरासाठी.

तुमच्यापैकी बरेच जण ख्रिस्ती नाहीत, पण हा प्रकार तुम्हाला परका नाही. गीता एकच, पण शांकरभाष्यातून ती संन्यासाकडे नेते आणि टिळकांच्या गीतारहस्यातून कर्माकडे. घरात कुठली गीता आली यावर घरातल्या मुलांनी काय वाचलं हे ठरतं. फरक एवढाच की शंकराचार्य आणि टिळक आपलं नाव लावून बोलतात. स्टडी बायबलातली टीप बहुतेक वेळा निनावी असते आणि वचनाच्या इतकी लगत असते की चौदा वर्षांच्या मुलीला दोन्ही एकाच मुखातून आल्यासारखं वाटतं. स्कोफिल्डचं रेफरन्स बायबल १९०९ साली आलं. त्यातल्या टिपा म्हणजेच शास्त्र असं धरून चालणाऱ्या पिढ्या या देशात होऊन गेल्या.

टिपांची ताकद राजांनाही कळते. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात फारो इब्री सुइणींना हुकूम देतो की मुलगा झाला तर मारून टाका. शिफ्रा आणि पुवा या दोघी तो पाळत नाहीत, वर राजाला थाप मारतात. १५६० च्या जिनिव्हा बायबलात इथे टीप होती: खोटं बोलल्या ते वाईट, पण राजाज्ञा मोडली ते योग्यच. इंग्लंडच्या जेम्स राजाला ही टीप झोंबली. १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या सभेत त्याने तिचं नाव घेऊन तक्रार केली, आणि १६११ साली त्याच्या नावाचं जे बायबल निघालं त्यात असल्या टिपांना जागा ठेवली नाही. दोन सुइणींवरची एक ओळ!

म्हणून दुकानात मी कव्हर सोडलं आणि तीन-चार जागा उघडून पाहायच्या ठरवल्या. तुम्हीही विकत घेण्याआधी हे करून पाहा, दहा मिनिटं लागतात.

पहिली जागा रूथ. दुसऱ्या अध्यायात बवाजाची ओळख करून देताना 'खायिल' हा हिब्रू शब्द येतो. बळ, पत, कर्तबगारी असा त्याचा पल्ला, आणि योद्ध्यांनाही तो लावतात. तिसऱ्या अध्यायात हाच शब्द बवाज रूथला लावतो. न्यू किंग जेम्समध्ये बवाज श्रीमंत होतो आणि रूथ सद्गुणी. एकाच शब्दाचे पुरुषाला पैसे आणि बाईला शील. १९९५ चं थॉमस नेल्सनचं 'द वुमन्स स्टडी बायबल' याच भाषांतरावर निघालं. डोरोथी पॅटरसन आणि रोंडा केली या दोन बायकांनी संपादित केलेलं आणि मेहनतीने केलेलं पुस्तक आहे ते. पण बायकांनी टिपा लिहिल्या म्हणून खालचा पाया बदलत नाही. गंमत म्हणजे जुन्या मताचं म्हणून ओळखलं जाणारं ईएसव्ही इथे चोख आहे: बवाज आणि रूथ दोघांनाही एकच विशेषण.

त्याच ईएसव्हीची दुसरी बाजू उत्पत्ती ३:१६ मध्ये दिसते. तुझी ओढ नवऱ्याकडे राहील, असं हव्वेला सांगितलं जातं ते हे वचन. २०१६ साली प्रकाशक क्रॉसवेने ते फिरवून तुझी इच्छा नवऱ्याच्या विरुद्ध राहील असं केलं, आणि आता हा पाठ कायमचा, असंही जाहीर केलं. महिन्याभरात 'कायमचा' हा शब्द मागे घ्यावा लागला, पण बदललेलं वचन राहिलं. २०२० मध्ये त्यांचं विमेन्स स्टडी बायबल आलं ते याच पाठावर. २०२५ मध्ये वचन पुन्हा जुन्या अर्थाकडे नेलं. मधल्या काळात ज्या मुलींनी ते पान पाठ केलं, त्यांना हव्वा नवऱ्याशी भांडायला टपलेलीच भेटली.

तिसरी जागा रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. तो मुलींना कोणी वाचायला सांगत नाही, कारण तिथे नुसती नावं आणि सलाम आहेत. पण त्या नावांत फिबी आहे, जिला पौल 'दियाकोनोस' म्हणतो. किंग जेम्समध्ये हाच शब्द पौलासाठी आला की 'मिनिस्टर' होतो आणि फिबीसाठी आला की 'सर्व्हंट'. एनआयव्हीच्या २०११ च्या आवृत्तीत ती डीकन झाली. पुढे यूनिया. चौथ्या शतकातला क्रिसोस्टम ही बाई प्रेषितांत गणली गेली म्हणून तिची वाखाणणी करतो. विसाव्या शतकातल्या आरएसव्हीने आणि १९८४ च्या एनआयव्हीने तिला 'यूनियास' करून पुरुष केलं. नव्या आवृत्त्यांत ती पुन्हा बाई आहे. ईएसव्हीत बाई असली तरी ती प्रेषितांना 'ठाऊक' एवढीच. यावर टीप काय म्हणते ते जरूर बघा. वाद आहे हे सांगणारी टीप मला चालते, भले ती माझ्या मताची नसो. वाद नाहीच असं भासवणारी चालत नाही.

आणि तामार. २ शमुवेल १३. सख्खा बाप दावीद राजा, सावत्र भाऊ बलात्कार करतो, बाप संतापतो आणि काहीच करत नाही. मुलींसाठीची एक आवृत्ती मी उघडली तर या अध्यायापाशी टीपच नव्हती. पान उलटलं तर चांगल्या मैत्रिणी कशा निवडाव्यात याची चौकट. मी ते पुस्तक परत ठेवलं. (२००३ साली थॉमस नेल्सननेच 'रिव्हॉल्व्ह' नावाचा नवा करार काढला होता, थेट फॅशन मासिकासारखा. सौंदर्याच्या टिप्स, प्रश्नमंजुषा, आणि मुलींनी आपणहून मुलांना फोन करू नये हा सल्ला. त्यापुढे हल्लीची गुलाबी कव्हरं सोज्वळच म्हणायची.)

उभ्या उभ्या मला पंडिता रमाबाई आठवत होत्या. आम्ही नगरचे, आमच्या घरात त्यांचं नाव टिळकांच्या अभंगांइतकंच जवळचं. १८७८ च्या सुमारास त्या कलकत्त्यात असताना ख्रिस्ती मंडळींनी त्यांना आणि त्यांच्या भावाला संस्कृत बायबल भेट दिलं. ज्या बाईला त्याच शहरातल्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली, तिला ते संस्कृत उलगडलं नाही. भाषा शास्त्रांतल्या संस्कृतपेक्षा इतकी निराळी की वाचण्यात वेळ फुकट जाईल असं वाटलं, असं त्यांनीच १९०७ च्या आपल्या आत्मकथनात सांगितलंय. पुस्तक मात्र टाकलं नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो म्हणजे एका अर्थी टिपांशी भांडणच आहे: चर्च सांगतं म्हणून नव्हे, मला पटेल तेव्हा मानीन.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि जवळजवळ तीन वर्षं या देशात हिंडल्या. त्याच्या दहा वर्षं आधी, १८७६ साली, कनेक्टिकटच्या ज्युलिया स्मिथ या बाईने एकटीने हिब्रू-ग्रीकवरून केलेलं अख्खं इंग्रजी बायबल हार्टफर्डला छापून निघालं होतं. त्यामुळे रमाबाई हे काम करणाऱ्या जगातल्या पहिल्या, असं आपल्याकडे अधूनमधून छापून येतं ते बरोबर नाही. त्यांची थोरवी त्यावर अवलंबूनही नाही.

त्यांचा प्रश्न तुमच्या-माझ्यासारखाच होता: मुलींच्या हातात कुठलं बायबल द्यायचं? केडगावच्या मुक्तीत दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली होत्या, नुकत्याच अक्षरं लावायला शिकलेल्या. प्रचलित मराठी बायबल त्यांना जड जात होतं. रमाबाईंनी मुलींसाठी सोपी टिपणं काढून प्रश्न सोडवला असता तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि सबंध बायबल साध्या मराठीत नव्याने आणलं. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी ते छापलं गेलं. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. चर्चमध्ये ते रुळलं नाही. मूळ भाषेला फार चिकटून आहे असा आक्षेप राहिला, आणि तो अगदीच चुकीचा नसावा. पण मुलींना झेपेल एवढंच द्यावं, अवघड ते गाळावं, हा विचार त्या पुस्तकामागे नाही. अवघड होती ती भाषा, आणि त्यांनी भाषाच सोपी केली.

शेवटी मी काय घेतलं? मोठ्या बायकांना मी 'न्यू ऑक्सफर्ड ॲनोटेटेड' सुचवीन, आणि शेजारी न्यूसम आणि रिंज यांचं 'विमेन्स बायबल कॉमेंटरी'. चौदाव्या वर्षी ते पचणार नाही. भाचीसाठी २०१६ चं सीईबी विमेन्स बायबल घेतलं. भाषा सोपी, लेख बायकांचे, आणि नाव असलेल्या बायकांबरोबर नाव नसलेल्यांचीही दखल. टिपा मला थोड्या पातळ वाटल्या. आणि फिबी इथेही 'सर्व्हंट'च. देण्याआधी मी तिथे समासात पेन्सिलने 'डीकन?' असं लिहून ठेवलं.

जुलैत तिचा फोन आला. "मावशी, रोमन्समध्ये ते तू लिहिलंयस की छापलेलंच आहे?"

मी लिहिलंय, म्हटलं.

"मग मी खोडलं तर चालेल?"