आकाशातल्या प्रयोगाचं परीक्षण

तीस वर्षं मी आमच्या गावच्या साप्ताहिकात नाटकांची परीक्षणं लिहिली. एवढ्या काळात एकही नाटककार सुधारला नाही आणि माझं वाचून एकाही प्रेक्षकानं तिकीट परत केलं नाही, हे कबूल करतो. पण सवय वाईट. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी 'मठ्ठा चांगला, पण एन्ट्री उशिरा' अशी नोंद मनात होतेच. तेव्हा शिकागोला चिरंजीवांकडे गेलो असताना बीचवरचा एअर शो बघायचा बेत ठरला, त्याच क्षणी त्याचं परीक्षणही ठरलं म्हणायचं.

पहिला आक्षेप जाहिरातीलाच आहे. बीच आहे, पण समुद्रच नाही. आहे ते मिशिगन नावाचं तळं. तळं म्हणावं तर पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, वाळूत किल्ले बांधणारी पोरं आहेत. नाही तो फक्त खारेपणा. सौ.नं पहिल्याच दिवशी पाण्यात बोट बुडवून चाटून बघितलं आणि "ह्याला काही नारळ वाहता यायचा नाही" असा निकाल दिला. ह्या तळ्याच्या नॉर्थ अव्हेन्यू बीचवर ऑगस्टातल्या एका शनिवार-रविवारी हा खेळ होतो. तिकीट नाही. ही टीकाकाराची मोठीच पंचाईत, कारण खिशातून पैसे गेल्याशिवाय लेखणीला धार येत नाही.

पहिला अंक, म्हणजे बेत आखणं, आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन रात्री चालला. चिरंजीव कॉम्प्युटरमध्ये आहेत. त्यांनी एक तक्ता छापून फ्रिजवर लावला. ६.४० ला उठणे (बाबा ६.१०). नेपरव्हिलहून गाडीनं युनियन स्टेशन, तिथून बस, मग पायी. मोटार न्यायची नाही, कारण ती उभी करायला जागा मिळवणं हा वेगळाच एअर शो आहे, असं सूनबाईंचं मत. नात आठ वर्षांची. तिला विमानांची नावं पाठ होती आणि ती मला रोज परीक्षेला बसवायची. मी रोज नापास व्हायचो.

सौ. पहिल्या रात्री काहीच बोलली नाही. दुसऱ्या रात्री तिनं चार प्रश्न टाकले. पाणी कुठे मिळतं? सावली कुठे आहे? 'जायची' सोय कुठे? आणि सगळे एकदम उठले की परत कसं यायचं?

"आई, ही अमेरिका आहे," चिरंजीव म्हणाले.

"मग? इथे ऊन लागत नाही का?"

"अगं, पण आपण विमानं बघायला चाललोय," मी मध्ये तोंड घातलं. ही माझी चूक.

"विमानं काय, दिसतीलच. आकाशातच असतात ती. सुमनलाही दिसली होती."

सुमन म्हणजे माझी धाकटी मेहुणी, चेन्नईला असते. ६ ऑक्टोबर २०२४ ला मरीना किनाऱ्यावर आपल्या हवाई दलाच्या विमानांचा खेळ झाला. वेळ भर दुपारची, आणि वाळूत लाखो माणसं. वरच्या कवायती अगदी अचूक झाल्या. खाली उन्हानं आणि गर्दीनं पाच प्रेक्षक दगावले. मेहुणी आणि तिचे यजमान परतताना स्टेशनच्या जिन्यापर्यंतही पोचू शकले नाहीत. दोन तास चालत, एका अनोळखी बाईनं दारातून दिलेल्या तांब्याभर पाण्यावर ते घरी आले. त्यानंतर आठ दिवस सुमन फोनवर फक्त त्या तांब्याबद्दल बोलत होती.

टेबलावर कोणी काही बोललं नाही. चिरंजीवांनी फ्रिजवरचा तक्ता काढून आणला आणि सगळ्यात वर नवीन ओळ घातली : पाणी, बाटल्या आठ.

दुसरा अंक प्रत्यक्ष प्रयोगाचा. सगळ्यात गोंधळ पार्श्वसंगीताचा. विमान डोळ्यांसमोरून जातं तेव्हा आवाज नसतो. आणि आवाज येतो तेव्हा विमान गेलेलं असतं. ह्यात संयोजकांचा दोष नाही. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर चालतो. दीड किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज चार-साडेचार सेकंदांनी आपल्याकडे पोचतो, आणि तेवढ्यात ते पठ्ठं किलोमीटरभर पुढे सटकलेलं असतं. मी सबंध पाऊण तास आवाजाकडे बघत होतो, म्हणजे रिकाम्या आकाशाकडे. शेवटी नातीनं माझी हनुवटी धरून फिरवली. "आजोबा, आवाजाच्या पुढे बघायचं!" तीस वर्षांच्या टीकाकाराला एवढा उपयुक्त सल्ला कुणी दिला नव्हता.

निवेदक हा दुसरा दोष. कर्ण्यातून तो अखंड बोलत होता. जे दिसतंय तेच सांगतो आणि जे दिसत नाही ते आत्ता दिसेल म्हणतो. आमच्या संगीत नाटकांत सूत्रधार निदान नांदीनंतर आत तरी जात असे.

आता गुण. सहा विमानांची ती तुकडी आली तेव्हा मात्र मी टिपणवही खाली ठेवली. चार विमानं एकमेकांना इतकी बिलगून, की पंखापासून शेजाऱ्यापर्यंतचं अंतर दीड फूट सांगतात. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्यालासुद्धा ह्याहून जास्त जागा मिळते. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पण तो काटा बसायच्या आत माझ्यातला टीकाकार विचारू लागला, की वरचं हे दीड फूट मोजायला इतकी माणसं राबतात, तर खालच्या माणसांमधलं अंतर कोण मोजतं? परीक्षणं लिहिणारे आम्हीही सगळे वर तोंड करूनच लिहितो. मरीनावरच्या त्या दुपारचं परीक्षण फक्त आकाशापुरतं लिहिलं असतं, तर प्रयोग उत्तम झाला असंच लिहावं लागलं असतं.

ह्या सगळ्या वेळात सौ. घडीच्या छत्रीखाली बसून होती. विमानांच्या खेळाला छत्री नेणारी ती किनाऱ्यावरची एकमेव बाई असावी. मागच्या एका गोऱ्या गृहस्थांनी दोनदा खाकरून दाखवलं. तिनं त्यांना धपाटं आणि कोकम सरबत दिलं. पुढे त्यांना छत्रीची काही अडचण वाटली नाही. अर्ध्या तासात त्यांची दोन नातवंडंही छत्रीखाली आली. सौ.ला इंग्रजी येत नाही, आणि त्या मुलांचं काही अडलं नाही.

मध्येच बचाव पथकाचं हेलिकॉप्टर आलं. ना वेग, ना धूर, ना कोलांटी. पाण्यावर ते नुसतं घरघरत थांबलं, दोरानं एक माणूस खाली उतरला, पाण्यातल्या माणसाला त्यानं कवेत घेतलं आणि दोघेही वर गेले. बस्स. आजूबाजूची मंडळी ही वेळ साधून आइस्क्रीमच्या रांगेला गेली. सौ. छत्री मिटून उभी राहिली आणि तिनं टाळ्या वाजवल्या. दिवसभरातल्या तिच्या टाळ्या तेवढ्याच.

घरी आल्यावर मी ह्या खेळाचा इतिहास काढून बघितला. सुरुवात १९५९ ची. उद्यानखात्याच्या शिबिरातल्या मुलांसाठी एक दिवसाची गंमत, खर्च ८८ डॉलर. पहिल्या कार्यक्रमात पाण्यावरच्या कसरती होत्या, सूर मारायच्या शर्यती होत्या, आणि तटरक्षक दलानं बुडत्याला वाचवण्याचं प्रात्यक्षिक केलं होतं. मी हे सौ.ला वाचून दाखवलं. "मग बरोबर आहे," एवढंच म्हणून ती धपाट्यांचा रिकामा डबा घासायला गेली.

रात्री तिनं चेन्नईला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं. मी कान देऊन होतो, म्हटलं आता दीड फुटाचं काहीतरी निघेल. नात शेजारी बसून विमानांची नावं पुरवत होती, पण तिकडे लक्ष कुणाचं?

"अगं, आठ नेल्या होत्या," सौ. सांगत होती. "एक उरली. ती येताना गाडीत एका बाईला दिली."