दुष्काळी मातीतील हसू

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात शिरड शहापूर नावाचे गाव आहे. जैन बांधव ते मल्लिनाथ भगवानांच्या मंदिरामुळे ओळखतात. नागनाथाचे ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांची नरसी ही तीर्थेही याच जिल्ह्यातली. १ मे १९९९ पर्यंत हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. मराठवाड्याच्या या पट्ट्याने १९७२चा दुष्काळ सोसला, त्यानंतरचेही अनेक सोसले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आणि पुन्हा त्याच वर्षी १० जुलैला येथील जमीन हादरली. दोन्ही वेळा धक्क्याची तीव्रता साडेचारच्या आसपास होती. ज्या मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट पाहिली, त्याला असा एक धक्काही झोप उडवायला पुरेसा असतो.

अशा मुलुखात विनोदी नाटकाची गोष्ट काढावी का? पोटाची भ्रांत असताना हसणे शोभते का? हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतही वेळोवेळी विचारला जातो. पाऊस गेला किंवा गावात कुणी अवेळी गेले, की नाताळाच्या कार्यक्रमातील प्रहसन गाळावे, अशी सूचना हमखास येते. सूचना करणाऱ्याची सहृदयता खरी असते. तरीही तिच्या पाठीमागे एक समजूत दडलेली असते, की हास्य म्हणजे दुःखाकडे फिरवलेली पाठ. ही समजूत तपासून पाहण्यासाठी मराठवाड्याच्याच मातीतले एक नाटक घ्यावे, असे मला वाटते. ते म्हणजे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’.

देशपांडे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापक होते. १९७९ सालापासून त्यांनी हा एकपात्री प्रयोग महाराष्ट्रात आणि परदेशांत केला. त्या काळाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नामांतराचा प्रश्न सुटायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. देशपांड्यांचे नाटक त्या जखमेवर भाष्य करण्याचा आव आणत नाही. ही त्याची मर्यादा म्हणावी लागेल, आणि ती झाकण्याचे कारण नाही. पण जिथे माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली होती, तिथे एका मांडवाखाली शेजारी शेजारी बसून एकाच क्षणी हसण्याचे निमित्त त्याने दिले. याचे मोल कमी लेखू नये.

कथानक साधे आहे. मराठवाड्यातल्या खेड्यातले एक कुटुंब लग्नासाठी लंडनला निघते. घरातली धांदल, मानापमान, विमानाचा प्रवास आणि परक्या मुलुखातली फजिती एवढाच ऐवज. त्यासाठी बावन्न पात्रे आहेत, आणि ती सारी एकच नट उभी करतो. सुमारे तीन तास तो म्हातारा होतो, मूल होतो, बाई होतो, रुसलेला पाहुणा होतो. वेश बदलायला तो विंगेत जात नाही. आवाजाची पट्टी, मानेचा झोक, चालण्याची ढब एवढ्यावर माणूस पालटतो. उरलेले काम प्रेक्षकाने करायचे असते. विमान त्यानेच पाहायचे, गर्दीही त्यानेच भरायची. २००४ साली या प्रयोगाची नोंद गिनेसच्या विक्रमपुस्तकात झाली. २००९ साली देशपांडे गेले. पुढे संदीप पाठक यांनी हेच नाटक रंगमंचावर उभे केले. मूळ नट गेल्यावरही संहिता जगते, हे तिच्या सकसपणाचे गमक मानावे.

या घडणीचे मोठेपण गावाकडच्या माणसाला चटकन कळते. मुंबई-पुण्याच्या नाटकाला नेपथ्य लागते, बस लागते, सुसज्ज नाट्यगृह लागते. शाळेचे पटांगण, देवळाचा पार, जत्रेतला मांडव एवढेच जिथे मिळते, तिथे ते नाटक सहसा पोहोचत नाही. एकटा नट मात्र पोहोचतो. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली, ती मुंबईच्या मध्यमवर्गाची. लक्ष्मणरावांनी तोच मार्ग धरून मराठवाड्याचे घर आणि मराठवाड्याची बोली मध्यभागी आणून ठेवली. जी बोली एरवी शहरी नाटकांत गड्याच्या किंवा हवालदाराच्या तोंडी हसे करण्यापुरती येई, ती येथे घरमालकाची भाषा झाली. आपली भाषा हसण्याचा विषय न राहता हसवणाऱ्याची भाषा झालेली ऐकणे, हा आनंद वेगळा असतो.

येथेच या नाटकाची खरी कसोटीही आहे. खेडुताची फजिती हा विनोद दुधारी आहे. प्रेक्षागृहात बसलेला शहरी माणूस म्हणू शकतो, “काय अडाणी लोक हे!” असे झाले तर हास्याची चेष्टा होते आणि हसणारा स्वतःला उंचावर बसवून घेतो. काही जागी, विशेषतः यंत्रे आणि परदेशी रीतिभाती यांच्यापुढील गोंधळात, संहिता या धोक्याच्या जवळ जाते. तिला सावरते ती पात्रांवरची माया. मानपानासाठी अडून बसणारा पाहुणा प्रत्येकाच्या सोयऱ्यांत असतो. प्रेक्षक त्याला हसतो आणि दुसऱ्याच क्षणी ओळखतो, की हा तर मीच! ज्या विनोदात हसणारा स्वतःही सापडतो, तो विनोद निर्मळ. शरीरव्यंग, रंग, जात किंवा बाईपण यांवर बेतलेले हल्लीचे बरेचसे प्रहसन या कसोटीला उतरत नाही, आणि आपल्या सणांच्या मांडवांतही ते शिरले आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

ही दृष्टी मराठवाड्याला नवी नाही. पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून जोशी, गोंधळी, वासुदेव यांची सोंगे घेतली आणि लोकांना हसवीत कामक्रोधाचा विंचू उतरवायला शिकवले. त्याच सोळाव्या शतकात रोममध्ये संत फिलिप नेरी अर्धीच दाढी काढून लोकांत मिरवत, कारण लोकांनी आपल्याला संत म्हणून गौरवण्यापेक्षा हसावे, अशी त्यांची इच्छा होती. दोघांची भेट होणे शक्य नव्हते, पण दोघांचे औषध एकच. त्याही आधी संत थॉमस अक्वायनस यांनी विनोदबुद्धीला सद्गुणांत स्थान दिले होते. विरंगुळ्याविना मन थकते, आणि स्वतः कधी न हसणारा व इतरांना हसू न देणारा माणूसही दोषीच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जगभरातील शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावले तेव्हा, आपल्या माणसाची थट्टा करावी तशी मायेने देवाचीही करता येते, असे त्यांनी सांगितले. परंपरेचा धागा तोच.

तरीही विचारले जाईल, की हसण्यासाठी माणसे जमवायचीच कशाला? घरोघरी पडदा आहे, मोबाइल आहे. याचे उत्तर आपल्याला महामारीने दिले आहे. मार्च २०२०मध्ये राज्यातली नाट्यगृहे बंद झाली. मध्ये काही महिने उघडून ती पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निम्म्या आसनांनिशी परत सुरू झाली. त्याच काळात चर्चची दारेही बंद होती आणि आपण मिस्सा पडद्यावर पाहिली. शब्द तेच, धर्मगुरू तेच. पण शेजारच्या बाकावरची कुजबुज नव्हती आणि सर्वांनी मिळून दिलेला प्रतिसाद नव्हता. उणीव कशाची होती, ते सांगायला कुणा पंडिताची गरज पडली नाही. नाटकाचेही तसेच आहे. नट प्रेक्षकाचा श्वास ऐकून वाक्य थांबवतो. आजचा हशा उद्या तसाच येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पोलंडची संस्कृती चिरडायला घेतली, तेव्हा १९४१ साली क्राकूव्हमध्ये काही तरुण चोरून लोकांच्या घरी जमत आणि नेपथ्याविना, केवळ शब्दांच्या बळावर नाटके करीत. पकडले जाणे म्हणजे छळछावणी किंवा मरण. त्या नटांपैकी एक कारोल वोयतिवा पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाले. त्यांची नाटके विनोदी नव्हती. पण संकटात माणसे एका खोलीत जमून जिवंत शब्द ऐकतात तेव्हा ती आपले माणूसपण राखत असतात, ही गोष्ट क्राकूव्हच्या बैठकीत आणि मराठवाड्याच्या मांडवात सारखीच खरी आहे.

हसल्याने कर्ज फिटत नाही, विहिरीला पाणी लागत नाही, जमीन हादरायची थांबत नाही. एवढे मात्र होते, की तीन तास गाव एकत्र बसते आणि उठताना शेजारी शेजाऱ्याला ओळखतो. ओळखलेल्या शेजाऱ्याकडे उद्या मदत मागता येते. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतातील लहान लहान धर्मग्रामांत सभागृह नसेल, पण अंगण आहे, आणि बोलीत गोष्ट रंगवून सांगणारा एखादा काका किंवा एखादी मावशी प्रत्येक ठिकाणी आहेच. यंदा पीक बुडाले म्हणून नाताळाचे प्रहसन गाळू नये. ते अधिक निगुतीने बसवावे, आणि पहिला विनोद स्वतःवर करावा.