पेटिका गेली, वास्तू राहिली

इच्छापोर हे सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. सुरतेच्या तापीकाठच्या बंदरात अठराव्या शतकात अरबीभाषी यहुदी व्यापारी येऊन राहिले. हलबचा शालोम कोहेन येथूनच पुढे १७९८ मध्ये कलकत्त्यास गेला. त्या लोकांचे प्रार्थनामंदिर आज सुरतेत उभे नाही. म्हणूनच केरळातील उत्तर परवूर येथील सिनॅगॉग व त्यातील संग्रहालय आम्हांस विशेष विचारणीय वाटते.

शिलालेखानुसार ही वास्तू १६१६ ची. मुझिरिस वारसा प्रकल्पात तिचा जीर्णोद्धार होऊन तेथे केरळी यहुद्यांच्या जीवनाचे संग्रहालय झाले. द्वारगृह, छपराखालचा लांब मार्ग, प्रवेशदालन आणि शेवटी प्रार्थनागृह, हा क्रम महाद्वारातून गाभाऱ्याकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांस परका वाटणार नाही. वरच्या सज्जातील दुसरे वाचनपीठ हे तर केरळी सिनॅगॉगांचे खास वैशिष्ट्य. हे सारे जतन स्तुत्य होय.

परंतु धर्मग्रंथांची कोरीव पेटिका, जिला हेखाल म्हणतात, ती येथे प्रतिकृतिरूपाने आहे. मूळ पेटिका जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. १९५० नंतरच्या दशकात बहुतेक समाज इस्रायलास गेला. समाजाची वस्तू समाजामागे गेली, तर तक्रार कसली, असा युक्तिवाद कोणी करील. १५६० मध्ये श्रीमंगेशही कुशस्थळी सोडून प्रियोळास आलेच. मात्र श्रींबरोबर पूजाही आली. जेरुसलेमात हेखालापुढे उभे राहतात ते प्रेक्षक. तेव्हा संग्रहालये दोन झाली. एकात अस्सल, दुसऱ्यात नक्कल. या वादात परवूरची बाजू लंगडीच राहणार.

परवूरचा खरा हक्क दुसऱ्या ठेव्यावर आहे. केरळी यहुदी स्त्रियांनी मलयाळम गीते वह्यांत उतरून पिढ्यान्‌पिढ्या जपली व लग्नकार्यांत गायिली. पेटिका एकाच ठिकाणी राहू शकते. गीत दूरदेशी नेले तरी येथे उणे होत नाही. त्या गीतांना या वास्तूत पहिला मान हवा.

आमच्या कोकणातील बेने इस्रायलांनी १८८० च्या सुमारास बायबलातील कथांवर मराठी कीर्तने रचिली. त्यांच्या सिनॅगॉगांत जेव्हा असे दालन उघडेल, तेव्हा दिवे व वस्त्रे पाहण्याआधी ते कीर्तन कानी पडावे. भिंती राज्यसत्ता सांभाळील. त्या भिंतींत कोणती भाषा नांदली, हे ऐकविणे संग्रहालयाचे कर्तव्य आहे.