निझामाची टेरिटरी

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा २०१६ चा माहितीपट मी दोनदा पाहिला. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या मागे या दोघांनी कित्येक वर्षं घालवली. कान महोत्सवात त्याचा खास उल्लेखही झाला. यंत्रावर इतकं प्रेम करणारा दुसरा भारतीय चित्रपट मला आठवत नाही. मी इंजिनिअर, त्यामुळे असेल, पण प्रोजेक्टर घडवणाऱ्या त्या कारागिराच्या हातांवरून नजर हटत नव्हती.

तरी एक तक्रार उरते, आणि ती मराठीत जुन्या थिएटरांवर जे काही लिहिलं जातं त्या बहुतेक सगळ्याबद्दलच आहे. पडदा, लाकडी खुर्च्या, शिट्ट्या, उधळलेली चिल्लर, सगळं येतं. (पोरींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद व्हायचं, हे सहसा येत नाही. ‘सगळ्यांचं थिएटर’ म्हणताना एवढं तरी आठवावं.) सिनेमाची पेटी कुठून आली, ती कुणी पाठवली, हे तर येतच नाही. नांदेड-लातूरच्या थिएटरांचा खरा इतिहास मला त्या पेटीत दिसतो.

हिंदी सिनेमाच्या धंद्यात देशाच्या टेरिटऱ्या पाडलेल्या आहेत. मुंबई, दिल्ली-यूपी, सीपी-बेरार, राजस्थान वगैरे. त्यातल्या एकीचं नाव आजही ‘निझाम’ आहे. तेलंगण, बिदर-गुलबर्ग्याकडचा भाग आणि आपला मराठवाडा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. वितरकांच्या वहीत मात्र तो हैदराबादच्या पानावरच राहिला. रेल्वेचंही तसंच आहे म्हणा, नांदेड विभाग ज्या झोनमध्ये येतो त्याचं मुख्यालय अजून सिकंदराबादला आहे. पण रेल्वेबद्दल आपण निदान आंदोलनं केली.

मराठी सिनेमाचा इतिहास मुंबई, पुणे आणि कोल्हापूरभोवती लिहिला जातो, तो त्या इतिहासकारांच्या आळसामुळे, असं मी पूर्वी समजायचो. आता वाटतं, धंद्याची तोंडंच तिकडे होती. नांदेडचा हिंदी सिनेमा एका राजधानीशी बांधलेला, मराठी सिनेमा दुसऱ्या. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू समजणारा प्रेक्षक आहे, तो तिसरीकडे बघणारा. अशा गावातलं थिएटर म्हणजे पुण्याच्या थिएटरची छोटी आवृत्ती नव्हे.

पेटीचा हिशोब सोपा आहे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून जास्त. इतकी फिल्म धुऊन काढायला पैसा लागतो, म्हणून प्रिंटा मोजक्या निघत. आधी मोठी शहरं, मग आपण. ओरखडे पडलेली, तुटून जोडलेली प्रिंट आपल्या वाट्याला यायची. पण ती उशिरा येऊ शकायची, आणि परत येऊ शकायची. चाललेला सिनेमा वर्षभराने पुन्हा लागायचा. परीक्षेत अडकलेल्या पोरालाही तो गाठता यायचा.

आता फाइल येते. ती लातूरला आणि लोअर परळला एकाच शुक्रवारी येते, ही खरी समता आहे, तिला मी नाकं मुरडणार नाही. फक्त फाइलीला कुलूप असतं. चावी ठरावीक यंत्रापुरती आणि ठरावीक मुदतीची. मुदत संपली की तीच फाइल डिस्कवर पडलेली असूनही उघडत नाही. माझ्या रोजच्या कामात असल्या चाव्या असतातच, त्यांत काही वाईट नाही. पण इथे त्यांचा परिणाम असा की सिनेमा उशिरा पाहण्याची सोय गेली. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ प्रोजेक्टर बंद पडल्याचं दुःख मनापासून करतो. मला वाटतं, प्रोजेक्टरपेक्षा मोठं काही गेलं ते मालकाच्या हातून: कुठला सिनेमा, कधी आणि किती दिवस, हे ठरवणं.

सरकारच्याही डोळ्यांसमोर इमारतच असते. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सांनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवावा असं ठरलं, आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ. हेतू चांगला. पण पुण्यातला प्रेक्षक एका मल्टिप्लेक्सात जमलं नाही तर दुसऱ्यात जातो. इथे पडदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हिंदीचा मोठा सिनेमा लागला की उरतो तो एक खेळ, तोही बहुतेकदा सकाळचा. लातूरच्या ट्यूशन एरियात त्या वेळी पोरं वर्गात बसलेली असतात, आणि ती सुटेपर्यंत शुक्रवार उलटून दुसरा येतो.