परमुलखातील अध्यापक आणि तुलनेची जागा

१८८२ या एकाच वर्षी मराठीत दोन स्त्रियांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एक बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि दुसरे, त्याच वर्षी पुण्यात येऊन राहिलेल्या पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीती’. ताराबाईंच्या नावावर एवढे एकच पुस्तक आहे. रमाबाई पुढल्याच वर्षी इंग्लंडला गेल्या, तेथून अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोही तुलनेचाच ग्रंथ आहे. एकीने वऱ्हाडातील घराचा उंबरठा न सोडता तुलना केली, दुसरीने पृथ्वीप्रदक्षिणा करून. वाङ्मयेतिहासाने पहिले पुस्तक स्त्रीवादी निबंध म्हणून एका खणात ठेवले आणि दुसरे रमाबाईंच्या चरित्राचे साधन म्हणून दुसऱ्या खणात. या वर्गवारीमुळे तुलना करणारी व्यक्ती कोठे उभी आहे, कोणाच्या अन्नावर आहे आणि कोणाला जबाबदार आहे, हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. परदेशी राहून तेथे अध्यापन-संशोधनाची नोकरी करणाऱ्याच्या लेखनाविषयी तर हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची मराठीतील चर्चा लालित्य, टवटवीतपणा आणि लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रत्यय या निकषांभोवती फिरत राहिली. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९), पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) ही पुस्तके समोर ठेवून हे निकष घडले, आणि ज्या पुस्तकांवरून ते घडले त्यांना ते शोभतातही. या पुस्तकांतील प्रवासी मोकळा असतो. परतीचा दिवस ठरलेला असतो. गाडगीळ स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. परंतु पुस्तकातील प्रवाशाला उद्या सकाळी वर्गावर जावयाचे नसते. परक्या देशातील माणसे त्याला रस्त्यात, आगगाडीत, खाणावळीत भेटतात. वरिष्ठ म्हणून भेटत नाहीत. त्यामुळे त्याची दृष्टी प्रसन्न राहते, आणि ही प्रसन्नता हाच पुढे या प्रकाराचा गुणधर्म मानला गेला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मराठीतील ज्या प्रवासकथेला आद्यत्वाचा मान दिला जातो ती गोडसे भटजींची ‘माझा प्रवास’ हौसेतून जन्मलेली नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे दारिद्र्य आणि कर्ज यांपायी, यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेस निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. विद्येवर पोट भरणारा माणूस परमुलखात गेला आणि तेथे जे दिसले ते त्याने लिहिले, ही या प्रकाराची मूळ घटना आहे. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध केले. पुढील समीक्षेने त्यातील साहस उचलले आणि दक्षिणा विसरली.

परदेशी नोकरी करणारा अध्यापक पाहुणा नसतो आणि रहिवासीही नसतो. परदेश त्याला प्रथम भेटतो तो संस्थेच्या रूपात: सत्र, पगार, वरिष्ठ, ग्रंथालयाची वेळ. दुसरे असे की, तो जेवढे पाहतो त्याहून अधिक पाहिला जातो. संस्कृत, पाली किंवा मराठी शिकविणारा भारतीय हा तेथील लोकांच्या दृष्टीने आपल्या विषयाचा अभ्यासक जेवढा असतो, तेवढाच त्या विषयाचा नमुनाही असतो. अशा स्थितीत ‘प्रवासाचे ठसे’ निर्व्याज उमटणे कठीण. कोणता ठसा कागदावर उमटू द्यावयाचा आणि कोणता नाही, याची निवड येथे सतत होत असते. म्हणून या लेखनात जे सांगितले आहे त्याच्या जोडीने जे सांगितलेले नाही तेही वाचावे लागते.

रमाबाईंचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. इंग्लंडात त्या जवळजवळ तीन वर्षे होत्या. वाँटेज येथील मठात त्यांच्या राहण्याजेवणाची सोय झाली ती हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे, या बोलीवर. मराठीच्या अध्यापनाचा इतिहास लिहिताना वाँटेजचा हा वर्ग क्वचितच आठवला जातो. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या; स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. असे असता इंग्लंडविषयी त्यांनी मराठीत प्रसिद्ध केले ते ‘इंग्लंडचा प्रवास’ (१८८३) हे पत्ररूप छोटे पुस्तक, म्हणजे मुख्यतः वाटेचा वृत्तांत. ज्या देशात त्या राहिल्या, ज्या देशात त्यांनी शिकविले, त्याविषयी मराठी ग्रंथ नाही. ज्या देशात त्या व्याख्याती आणि सन्मान्य अतिथी म्हणून फिरल्या, त्याविषयी मोठा ग्रंथ आहे.

या मौनाचे उत्तर अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या इंग्रजी पत्रव्यवहारात सापडते. सिस्टर जेराल्डीन, प्राचार्या डोरोथिआ बील आणि रमाबाई यांच्यातील ही पत्रे वाचताना परदेशस्थ अध्यापकाचे खरे अनुभवविश्व उलगडत जाते. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला. बील यांचा पाठिंबा होता. मुंबई आणि लाहोर येथील बिशपांचा विरोध होता. अशा अध्यापनाने हिंदुस्थानात रमाबाईंचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत स्त्रीपुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिली होती, तिला हिंदुस्थानातील लोकमत कसे असते हे इंग्लंडात समजावून सांगितले जात होते. रमाबाईंनी दिलेले उत्तर संतप्त आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडविल्यावर दुसऱ्याचे जोखड त्या घेणार नव्हत्या. अंडी वा मांस न खाण्याचा त्यांचा आग्रहही याच पत्रांतून वादाचा विषय होतो. ताटातील पदार्थ, गळ्यातील क्रूसावरील अक्षरे, वर्गातील विद्यार्थी कोण असावेत, या तीनही गोष्टींवर एकाच अधिकाराचा दावा आहे, हे त्या ओळखतात.

ही पत्रे म्हणजे वाङ्मय नव्हे, केवळ साधनसामग्री आहे, असा आक्षेप घेता येईल. तो टिकणारा नाही. ज्या व्यक्तीला परदेशाविषयीचे सत्य आपल्या भाषेत, आपल्या वाचकासमोर मांडणे परिस्थितीमुळे अशक्य झाले, तिने ते त्या देशाच्या भाषेत त्या देशातील वरिष्ठांना लिहिले. मराठी वाचकासमोर हे मांडले असते, तर धर्मांतरावरून आधीच रुष्ट झालेल्या पुण्या-मुंबईच्या पत्रांना आयते हत्यार मिळाले असते. आश्रयदात्यांशी संबंध तुटले असते ते वेगळेच. संहितेचे स्थलांतर झाले ते या कोंडीमुळे. वाङ्मयप्रकाराची सीमा येथे सौंदर्यविचाराने आखलेली नसून आश्रिततेने आखलेली आहे.

अमेरिकेवरील ग्रंथाकडे वळताना त्याच्या शीर्षकातील क्रम पाहावा: आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ आणि परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती अशी त्याची मांडणी आहे. ही मांडणी ललित प्रवासवर्णनाची नव्हे, गॅझेटियरची आहे. परमुलखात नोकरी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातील जिल्ह्यांची लोकस्थिती ज्या रीतीने लिहून काढली, ती रीत रमाबाई उलट्या दिशेने वापरतात. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर ए. सी. लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० चे आहे. त्यात बुलढाण्याचा मुलूख वर्णनाचा विषय आहे. एकोणीस वर्षांनी एक मराठी लेखिका अमेरिकेला त्याच जागी बसवते, ही घटना वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराच्या दृष्टीने असाधारण आहे.

मात्र या उलटवण्यालाही मर्यादा आहेत. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य देण्याचे त्याने मान्य केले. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. ग्रंथ आला तो त्याच वर्षाच्या अखेरीस. अमेरिकेचे चित्र उजळ आहे, याचे एक कारण येथे आहे. फ्रान्सिस विलर्ड आणि त्यांची मद्यपाननिषेधक स्त्रीसंघटना यांच्यावरील पृष्ठे जवळजवळ स्तोत्राच्या पातळीवर जातात. तरीही हा ग्रंथ आश्रयदात्याची भाटगिरी होत नाही. मूळ रहिवाशांची झालेली वाताहत, गुलामगिरी आणि तिच्यामागून उरलेला वर्णद्वेष यांविषयी रमाबाई गप्प बसत नाहीत. बायकांच्या कमरा आवळणाऱ्या पोशाखावर आणि टोप्यांवर मेलेले पक्षी मिरविण्याच्या रीतीवर त्या टीका करतात. या टीकेतील विनोद मराठी समीक्षेने पुरेसा ओळखलेला नाही. विनोद पुरुष प्रवाशाचा असेल तरच त्याला शैली म्हणण्याची आपली सवय आहे.

धर्मानंद कोसंबी यांचे परदेशवास्तव्य निराळ्या प्रकारचे. गोव्यातील साखवाळचा हा माणूस १९१० ते १९३२ या काळात चार वेळा हार्वर्ड विद्यापीठात कामासाठी गेला. हेन्री क्लार्क वॉरन १८९९ मध्ये वारल्यामुळे अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन तडीस नेणे, हे ते काम. १९२९ मध्ये लेनिनग्राडलाही त्यांनी पालीचे अध्यापन केले. असे असूनही ‘निवेदन’ (१९२४) या आत्मवृत्ताची बहुतेक पृष्ठे नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश येथील भटकंतीला आणि बुद्धधर्माच्या शोधाला दिलेली आहेत. जेथे पगार नव्हता तेथील वर्णन भरभरून येते. पगाराविषयीची त्यांची वृत्ती अन्यत्रही दिसते: बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करण्याच्या अटीवर देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांसाठी त्यांनी कलकत्त्याची बऱ्याच अधिक वेतनाची नोकरी सोडली होती.

हार्वर्डमध्ये चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचा जो मतभेद झाला, त्याचे मूळ श्रेयाच्या प्रश्नात होते: ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कोणत्या जागी यावे? हा क्षुल्लक मानापमान नव्हता. ज्ञानाच्या व्यवहारात आपण सहकारी आहोत की हाताखालचे कारकून, हा तो प्रश्न होता, आणि त्याच प्रश्नावर १९१२ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली. याच देशात वाचलेल्या समाजवादी वाङ्मयाने त्यांचा पुढील विचार घडविला, हे ध्यानात घेतले म्हणजे मजूर आणि मालक यांच्याविषयीचे त्यांचे चिंतन केवळ पुस्तकी राहत नाही. रमाबाईंप्रमाणे कोसंबींचेही खरे ‘अमेरिकावर्णन’ ग्रंथाबाहेर पडले आहे. या वेळी ते शीर्षकपृष्ठावर आहे. त्यांनी ‘विसुद्धिमग्गा’ची नागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे १९४० मध्ये काढली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये निघाली, तीवर संपादक वॉरन आणि संशोधक कोसंबी. सेवाग्रामला त्यांचा देहान्त होऊन तेव्हा तीन वर्षे लोटली होती.

स्वातंत्र्योत्तर पिढीत दिलीप चित्रे इथिओपियात शिकवून आले, विलास सारंग बसऱ्यात, भालचंद्र नेमाडे लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत. (देशीवादाची मांडणी करणारा लेखक परदेशी अध्यापन करून आलेला असावा, यात विसंगती पाहणाऱ्यांनी तुलना नेहमी दुरूनच होते हे विसरू नये.) यांपैकी सारंगांनी इराकचा अनुभव प्रवासवर्णनात न घालता ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) या कादंबरीत घातला. हुकूमशाही राजवटीत नोकरी करणाऱ्या परक्या अध्यापकाची कोंडी प्रसन्न प्रवाशाच्या आवाजात मांडणे शक्यच नव्हते. वाङ्मयप्रकार बदलणे हीच तेथे प्रकारावरील टीका ठरते.

या प्रकाशात ताराबाईंचे पुस्तक पुन्हा वाचले तर ‘तुलना’ या शब्दाचे वजन बदलते. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. ज्या कचेऱ्यांच्या कागदांवर गॅझेटियरे उभी राहिली, तशाच एका कचेरीशी लागून असलेले हे घर. सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याविषयी ‘पुणेवैभव’मध्ये आलेला मजकूर वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. दूरचे जग त्यांच्याकडे छापील कागदावरून चालत आले, आणि त्या जगाची झाडाझडती त्यांनी घरात बसून घेतली. त्यांना कोणत्याही असोसिएशनचे साहाय्य नव्हते, म्हणून हात राखून लिहिण्याचे कारणही नव्हते. रमाबाईंच्या मराठी गद्यातील संयम आणि ताराबाईंच्या गद्यातील तोंडाळ, शिवराळपणाच्या कडेवरून जाणारी धार यांतील अंतर स्वभावाचे म्हणून सोडून देता येत नाही. ते आश्रयाचेही अंतर आहे. विद्वत्तेची जागा मिळाली की लेखणीला किती किंमत मोजावी लागते, हे या दोन शैली शेजारी ठेवल्यावाचून मोजता येत नाही.

त्या शेजारी ठेवल्या गेल्या नाहीत, याला ग्रंथव्यवहारही कारण आहे. ‘स्त्री-पुरुष तुलने’च्या ५०० प्रती निघाल्या होत्या, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुस्तक पुन्हा उजेडात आणले. रमाबाईंचा अमेरिकाविषयक ग्रंथ साहित्य आणि संस्कृती मंडळाने पुनर्मुद्रित केला तो १९९६ मध्ये, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या मीरा कोसंबी या धर्मानंदांच्या नात. प्रवासवर्णनाचे निकष पक्के होत होते तेव्हा ही दोन्ही पुस्तके समीक्षकांच्या हाताशी सहज येणारी नव्हती. समकालीनांपैकी एका माणसाने मात्र दोघींची बाजू एकाच पत्रातून घेतली होती. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’चे दोन अंक काढले. पहिल्यात रमाबाईंच्या धर्मांतराचा विचार आहे, दुसऱ्यात ताराबाईंच्या पुस्तकाचा कैवार. ते अंक पुण्यात छापले जात होते तेव्हा रमाबाई चेल्टनहॅमच्या वर्गात संस्कृत शिकवत होत्या.