वैयक्तिक डॅशबोर्ड : मांडणीचे स्वातंत्र्य आणि अर्थाचे बंधन

घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढील बाजूस बसविलेली फळी, हा ‘डॅशबोर्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ. मोटारगाडीत त्या जागी मापकयंत्रे आली. पुढे व्यवसाय-विश्लेषणाच्या संगणकप्रणालींत आकडे व आलेख एकत्र दाखविणाऱ्या पडद्यास तेच नाव प्राप्त झाले. हा पडदा प्रत्येकास आपल्या गरजेप्रमाणे घडविता येतो, असे या प्रणालींच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असते. या घडणीत नेमके काय बदलता येते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या संदर्भात महाराष्ट्रातील गावदप्तराचे उदाहरण उद्बोधक आहे. ७/१२ चा उतारा गटाचा असतो. त्या गटाचे धारक कोण आणि तेथे पीक कोणते, हे तो सांगतो. ८-अ चा उतारा खातेदाराचा असतो. एका खात्यावर गावातील कोणकोणते गट आहेत, हे तो सांगतो. जमीन तीच, नोंदीही परस्परसंबद्ध. परंतु प्रश्न बदलताच मांडणीचे एकक बदलले. वैयक्तिकीकरणाचे खरे मर्म हेच होय.

प्रचलित प्रणालींत चौकटी हलविणे, रंग बदलणे हे सुलभ आहे. ‘पॉवर बीआय’मध्ये तर वाचकास मूळ अहवालास धक्का न लावता आलेखाचा प्रकार, माप व वर्गीकरणही बदलता येते. ही प्रगती मान्य करावयास हवी. तथापि ही निवड अहवालकर्त्याने आधी सिद्ध केलेल्या घटकांतूनच करावी लागते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, वाक्यरचनेची मुभा मिळते. शब्दसंग्रह मात्र दुसऱ्याचाच राहतो.

याचे गांभीर्य बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाड्यासारख्या गावी स्पष्ट होते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पीक कापणी प्रयोगांवर आधारलेली भरपाई एकेका शेतावरून ठरत नाही. महसूल मंडळासारख्या क्षेत्राची सरासरी उंबरठा उत्पादनाशी ताडून ती ठरते. तेथील एखाद्या कापूस उत्पादकासमोर ‘माझे पीक’ या मथळ्याखाली मंडळाचा आकडा आला, तर मथळा वैयक्तिक आणि आकडा सामुदायिक अशी विसंगती निर्माण होईल. आपले शेत वाहून गेले असता पडद्यावर समाधानकारक आकडा पाहणाऱ्यास रंगनिवडीचे स्वातंत्र्य काय कामाचे? शब्दांचीही तीच गत. शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘उत्पन्न’ बहुधा क्विंटलांत असते, हिशेबनिसाच्या लेखी ते रुपयांत.

यावर एक आक्षेप संभवतो : प्रत्येकाने आपली एकके व नावे ठरविली, तर समान अर्थ उरणार कोठे? आक्षेप सयुक्तिक आहे. परंतु त्याचे उत्तरही गावदप्तरातच आहे. ७/१२ आणि ८-अ यांची मांडणी भिन्न असली, तरी गटक्रमांक दोहोंस जोडतो. तद्वत मूळ नोंद सर्वांची एकच असावी; तिच्याकडे पाहण्याचे एकक वाचकास निवडता यावे; आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे एकक, व्याख्या व तुलनेचा आधार अपरिहार्यपणे लिहिलेला असावा. हे तिन्ही साधले नाही, तर डॅशबोर्ड पुन्हा फळीच ठरेल. आणि ती चिखल नव्हे, वस्तुस्थिती अडवील.